शिळी कढी, दहा सेंट: सुपरमॅनच्या पहिल्या अंकाचं प्रकरण

रात्रीची वेळ. निळे कपडे आणि लाल केप घातलेला एक माणूस झेप घेत निघालाय. काखेत सोनेरी केसांची एक बाई, हातपाय बांधलेली, तोंडात बोळा. चौकटीतला मजकूर सांगतो की क्षण न् क्षण मोलाचा आहे, उशीर झाला तर एका निरपराध माणसाचा जीव जाईल. गव्हर्नरच्या बंगल्याबाहेर तो बाईला एका झाडाशी ठेवतो, आरामात बस म्हणतो, माझ्याकडे वेळ नाही म्हणतो, आणि दाराकडे वळतो.

कोण ही बाई? तिला कुठून उचललं? निरपराध कोण आणि हे याला कळलं कुठून? 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, मुखपृष्ठावर तारीख जून १९३८, किंमत दहा सेंट. सुपरमॅनची पहिलीवहिली गोष्ट सुरू होते ती अशी, अर्ध्यातून. त्याआधी एका पानात तो कुठून आला ते उरकलंय, आणि मग थेट ही झेप. खरी खुनी हीच, एवढं जाता जाता कळतं. पण तिची हकीकत कळायला वाचकांना वर्षभर थांबावं लागलं. तिचं नाव बी कॅरोल, हायलो नाइटक्लबात गाणारी. आणि ती हकीकत आली एका पुनर्मुद्रणात.

हे प्रकरण त्या पुनर्मुद्रणाचं. 'सुपरमॅन' अंक १, उन्हाळा १९३९, चौसष्ट पानं, किंमत तीच, दहा सेंट. आत 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या चार अंकांतल्या चार चित्रकथा. नोव्हेंबर २०२५ मध्ये या अंकाची एक प्रत हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात ९१ लाख २० हजार डॉलरला गेली. आपल्या हिशेबात सुमारे ८० कोटी रुपये. आई गेल्यावर तिच्या घराचा माळा आवरताना तीन भावांना ती एका खोक्यात, जुन्या वर्तमानपत्रांखाली सापडली होती. 'छापलेलंच परत छापलं, त्याचे ऐंशी कोटी?' असं आमच्या ऑफिसात कुणीतरी म्हणालंच. जुन्या मासिकांतलं साहित्य निवडून त्याची पुस्तकं लावणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे हा प्रश्न मी दर दिवाळीला ऐकतो. रक्कम तेवढी वेगळी असते.

धंदाच मुळात पुनर्मुद्रणाचा

अमेरिकेत कॉमिक बुक नावाची वस्तू जन्मली तीच शिळ्या मजकुरावर. तिथल्या वर्तमानपत्रांत रविवारी रंगीत चित्रपट्ट्यांची पुरवणी असायची. कनेक्टिकटमधल्या ईस्टर्न कलर प्रिंटिंग या छापखान्यात अशा पुरवण्या छापल्या जात, आणि मधल्या वेळात यंत्रं रिकामी उभी असत. पुरवणीच्या कागदाची आणखी एक घडी घातली की हातात मावेल अशी पुस्तिका होते, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९३३ साली आधी फुकट वाटायची पुस्तिका निघाली. १९३४ साली 'फेमस फनीज' दहा सेंटला स्टॉलवर आलं. आत सगळ्या पेपरात येऊन गेलेल्या पट्ट्या. लोकांनी त्या हसत हसत विकत घेतल्या. पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो, पुस्तिका उशाखाली राहते, एवढा फरक त्यांना पुरेसा होता.

या उद्योगातला एक हुशार विक्रेता होता मॅक्स गेन्स. त्याचं नाव पुढे पुन्हा येईल.

नव्या मजकुराची कॉमिक बुकं आली ती काही कलेच्या ओढीनं नाही. चांगल्या पट्ट्यांचे हक्क आधीच्यांनी घेऊन ठेवलेले, उरलेल्यांना पैसे पडायचे. मेजर माल्कम व्हीलर-निकल्सन या माजी घोडदळ अधिकाऱ्यानं १९३५ साली 'न्यू फन' काढलं, सगळं नवं, कारण होतकरू पोरांकडून नवं काढून घेणं जुन्याच्या हक्कांपेक्षा स्वस्त होतं. क्लीव्हलंडचे लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शुस्टर हे असेच दोन होतकरू. मेजरचा धंदा पुढे बुडाला आणि कंपनी हॅरी डोनेनफेल्ड आणि त्याचा हिशेबनीस जॅक लीबोविट्झ यांच्या हातात गेली. तीच आजची डीसी.

आपल्याकडेही गंमत तीच झाली. टाइम्स समूहानं मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं तेव्हा पहिल्या अंकात फँटम होता, आणि तो अमेरिकन वर्तमानपत्रांतल्या पट्टीचाच. पुढे तो मराठीतही आला आणि आमच्या पिढीचा वेताळ झाला. पट्टी पानात बसावी म्हणून तिथंही चौकटी कापल्या जायच्या. लहानपणी एखाद्या गोष्टीत उडी मारल्यासारखं वाटायचं, आपणच काहीतरी विसरलो असं वाटून मी मागचं पान पुन्हा बघायचो. विसरलं कुणीच नव्हतं, कात्री लागली होती.

सुपरमॅनलाही कात्रीच लागली होती. सीगल आणि शुस्टर यांनी तो कॉमिक बुकसाठी केलाच नव्हता. त्यांचं स्वप्न वर्तमानपत्रातल्या रोजच्या पट्टीचं. तिथं प्रतिष्ठा होती, महिन्याच्या महिन्याला पैसा होता. काही वर्षं ते नमुन्याच्या पट्ट्या सिंडिकेटांकडे, म्हणजे पेपरांना पट्ट्या पुरवणाऱ्या कंपन्यांकडे, पाठवत राहिले आणि त्या साभार परत येत राहिल्या. अशाच एका फेरीत त्या पट्ट्या मॅक्स गेन्सकडे, मॅक्लूर सिंडिकेटात पडून होत्या. डोनेनफेल्डच्या कंपनीला नव्या मासिकासाठी मजकूर हवा होता, गेन्सनं त्या पुढे केल्या. संपादक व्हिन सलिव्हननं कळवलं, तेरा पानं करून द्या.

म्हणजे हातात पट्ट्या, आणि त्या पानांच्या मापात बसवायच्या. शुस्टरनं पट्ट्या कापल्या, चौकटी सुट्या केल्या, पानांवर चिकटवल्या. तेरा पानांत सगळं मावेना, तेव्हा सुरुवातीचा भाग गेला. बी कॅरोल गेली, तुरुंगावर चाल करून आलेला जमाव गेला, सुपरमॅनच्या साध्या वेषातल्या क्लार्क केंटला नोकरी कशी लागली ते गेलं. झेपेपासून गोष्ट सुरू झाली.

आता यात एक उलटी गंमत आहे आणि ती मान्य करायला हवी. कापल्यामुळे गोष्ट जास्त चांगली सुरू होते. काखेत बांधलेली बाई घेऊन झेपावणारा माणूस पहिल्या चौकटीत दिसला की दहा सेंट देणारा पोरगा पुस्तिका खाली ठेवत नाही. सलिव्हनला घाई नसती तर ही सुरुवात कुणाला सुचली असती असं मला वाटत नाही.

बावन्न पानं जुनी, बाकी काय करायचं?

'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाच्या दोन लाख प्रती काढल्या होत्या. डोनेनफेल्डला मोटार डोक्यावर उचललेल्या माणसाचं मुखपृष्ठ वेडगळ वाटलं, आणि पुढच्या काही अंकांच्या मुखपृष्ठावर सुपरमॅन नव्हताच. मासिकात इतरही बरंच होतं, जादूगार होता, घोडेस्वार होता. पण चौथ्या अंकापासून खप चढायला लागला, स्टॉलवर चौकशी केली तेव्हा कळलं की पोरं मासिकाचं नाव घेतच नाहीत, 'तो सुपरमॅनवाला अंक द्या' म्हणतात. जानेवारी १९३९ मध्ये मॅक्लूरमार्फत रोजची पट्टी वर्तमानपत्रांत सुरू झाली. ज्यांनी परत पाठवली होती त्यांच्याच दुनियेत.

प्रकाशकासमोर १९३९ च्या वसंतात उभी असलेली परिस्थिती साधारण अशी. मागणी आहे. मालाचा तुटवडा आहे. सीगल लिहितोय आणि शुस्टर, ज्याची नजर आधीपासूनच अधू, मदतनीस हाताशी घेऊन महिन्याची तेरा पानं आणि आठवड्याच्या सहा पट्ट्या काढतोय. यापुढे आणखी चौसष्ट नवी पानं मागणं म्हणजे बैल आडवा पाडण्यातला प्रकार. दुसरीकडे, ज्या पोरांनी सुपरमॅन सहाव्या-सातव्या अंकात पाहिला त्यांना पहिले चार अंक मिळायची सोय नव्हती. न खपलेले अंक वितरकाकडून परत जायचे, जुन्या अंकांचं दुकान ही कल्पनाच नव्हती. वर्षभरापूर्वीची गोष्ट म्हणजे गेलेली गोष्ट.

मग जुन्याच चार गोष्टी एकत्र बांधायचं ठरलं. एकट्या सुपरहिरोच्या नावावर अख्खं कॉमिक बुक काढायचं, हे तोवर कुणी केलं नव्हतं. तेव्हा बेत एकाच अंकाचा होता. चालला तर पुढचं बघू.

माझ्यासारख्या माणसाला यातला रस पुढच्या हिशेबात आहे. साधारण तेरा-तेरा पानांच्या चार गोष्टी, म्हणजे बावन्न पानं. अंक चौसष्टचा. बारा पानांची पोकळी राहिली. पुनर्मुद्रण करणाऱ्याचा कस लागतो तो या बारा पानांत. जाहिराती भरता येतात, कोडी भरता येतात, कुठली तरी तिसरीच गोष्ट कोंबता येते. मी स्वतः एकदा एका संग्रहाच्या शेवटच्या फर्म्यातली रिकामी पानं भरायला लेखकाच्या घरच्या कुत्र्याचे फोटो लावले होते आणि त्याबद्दल मला अजून बोलणी खावी लागतात.

इथं त्यांनी काय केलं? जुन्या एका पानाची जन्मकथा काढून टाकली आणि तिच्या जागी दोन पानांची नवी घातली. त्यामागे कापलेली चार पानांची सुरुवात पुन्हा जोडली. मग चार गोष्टी. मध्ये दोन पानांची शब्दांत लिहिलेली कथा, सुपरमॅनच्या ताकदीचं 'शास्त्रीय स्पष्टीकरण', आणि सीगल-शुस्टर यांची ओळख करून देणारं एक पान. मलपृष्ठावर भिंतीला लावायचं सुपरमॅनचं चित्र. ते चित्र पोरांनी कापून भिंतीला लावलं, म्हणून आज धड मलपृष्ठाची प्रत मिळणं अवघड.

माझ्याकडे आहे ती डीसीनंच १९७० च्या दशकात काढलेली मोठ्या आकाराची प्रतिकृती. पुनर्मुद्रणाचं पुनर्मुद्रण. मूळ अंकाला आणखी एक जाड बाहेरचं मुखपृष्ठ लावून ती विकली होती. ते बाहेरचं मुखपृष्ठ फाडून आतला अंक मूळ म्हणून गळ्यात मारायचे उद्योग इतके झाले की जुन्या कॉमिक्सच्या किमतींच्या पुस्तकात त्याबद्दल सावधगिरीची सूचना छापतात. फसवणूक ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. मोजपट्टी लावा: प्रतिकृती साडेतेरा इंच उंच आहे, मूळ अंक त्याहून बराच लहान.

तर त्या दोन पानांकडे येऊ. जून १९३८ मधली जन्मकथा अशी: एक दूरचा ग्रह म्हातारपणानं नष्ट होतो, एक शास्त्रज्ञ तान्ह्या पोराला यानात घालून पृथ्वीकडे पाठवतो, रस्त्यानं जाणारा एक मोटारवाला ते यान पाहतो आणि पोर अनाथाश्रमात देतो. ग्रहाला नाव नाही, मोटारवाल्याला चेहरा नाही. पोर मोठं होतं, त्याला कळतं की आपण दोनशे मीटर उडी मारू शकतो, वीस मजली इमारत ओलांडू शकतो, तोफगोळ्याहून हलकं काही आपल्या कातडीत शिरत नाही. मग तो ठरवतो की ही ताकद लोकांच्या भल्यासाठी वापरायची. का ठरवतो? काही नाही, ठरवतो.

उन्हाळा १९३९ च्या पानावर ग्रहाचं नाव क्रिप्टन आहे. मोटारीतून एक वयस्क जोडपं येतं, केंट. नवरा म्हणतो, मेरी, बघ, मूल आहे. तीही हळहळते, कुणीतरी टाकून गेलंय बिचाऱ्याला. ते पोराला अनाथाश्रमात देतात खरे, पण करमत नाही, परत येतात, आम्हालाच द्या म्हणतात. आश्रमवाले तर सुटलो म्हणून श्वास सोडतात, कारण पोरानं तिथं सामानसुमान खेळण्यासारखं उचलायला सुरुवात केलेली. पुढे घरी केंट मुलाला सांगतो, ही ताकद लोकांपासून लपव, ते घाबरतील तुला. आणि मेरी म्हणते, पण वेळ आली की ती माणसांच्या मदतीला लाव. मग दोघं जातात. थडग्यापाशी उभा क्लार्क, आणि तिथून सुपरमॅन.

सगळं मिळून मोजक्या चौकटी. पण पहिल्या पानावरच्या 'ठरवतो'ला इथं कारण मिळालं. आज कुणालाही सुपरमॅनबद्दल विचारा, मका-गव्हाचं शेत, साधे म्हातारे आईबाप, त्यांची शिकवण, हेच सांगतील. शेत या अंकात नाही, ते नंतर आलं. आईबाप मात्र इथं आले, शिळ्या मजकुराला नवी चाल लावताना. मेरीचं नाव पुढे मार्था झालं, त्या बिचारीला तेवढंही टिकवता आलं नाही.

मागं जोडलेल्या चार पानांत क्लार्क वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरी मागायला जातो आणि संपादक त्याला वाटेला लावतो. तेवढ्यात तुरुंगावर जमाव चाल करून येतोय असं कानावर पडतं. तो कपडे बदलतो, जमावाच्या तावडीतून कैद्याला सोडवतो, आणि त्या कैद्याकडून कळतं की मृत्युदंडाच्या वाटेवर असलेली एव्हलिन करी निर्दोष आहे. जमावाची बातमी सगळ्यांच्या आधी देऊन क्लार्क नोकरी मिळवतो. मग हायलो नाइटक्लब, बी कॅरोल, कबुली, दोरी, बोळा, झेप. त्या झेपेपासून पुढे जुनं पान जसंच्या तसं.

हा सांधा मी भिंग लावून पाहिला. चित्रात फरक शोधायला गेलो, कारण दोन वेळचं काम जोडलं की शाईच्या रेषेची जाडी चुगली करते. पण इथं नजरेला खडा लागतो तो वाचताना. आधीच्या पानांत सगळं शिस्तीत, कारणामागून कारण, आणि एकदम त्या चौकटीत गोष्ट पळायला लागते. जुन्या सुरुवातीचा वेग तसाच राहिलाय, पण आता ती सुरुवात नाही. वाचकाला सगळं आधीच माहीत आहे. धक्का गेला, समज आली. मला विचाराल तर गोष्ट म्हणून 'ॲक्शन'मधली कापलेली सरस, आणि पात्र म्हणून इथला पुरा सुपरमॅन सरस. दोन्ही एका पानात मिळत नाहीत.

चार गोष्टी एका बैठकीत

मासिकात या गोष्टींमध्ये महिन्या-महिन्याचं अंतर होतं. पहिल्या अंकाच्या शेवटी सुपरमॅन वॉशिंग्टनमधल्या एका दलालाला टेलिफोनच्या तारांवरून पळवत असतो आणि 'पुढील अंकी'. त्याचा धनी कोण हे दुसऱ्या अंकात कळतं: युद्धसामग्री विकणारा एमिल नॉर्व्हेल. सुपरमॅन त्याला सॅन मॉन्टे नावाच्या देशातल्या लढाईत सैनिक म्हणून भरती व्हायला लावतो, म्हणजे आपलेच तोफगोळे अंगावर आले की कसं वाटतं ते कळेल. तिसरी गोष्ट कोळशाच्या खाणीची. खाणीत माणूस अडकून जायबंदी होतो, मालक खर्च करायला तयार नाही. सुपरमॅन खाणकामगाराचं सोंग घेतो, मालकाच्या बंगल्यावरची मेजवानी चाललेली असताना सगळ्या पाहुण्यांना गंमत म्हणून खाणीत उतरायला लावतो, आणि वरून दरड पाडतो. रेशमी कपड्यातली मंडळी फावडी मारायला लागतात.

चौथी फुटबॉलची. एका कॉलेजचा प्रशिक्षक सामना जिंकायला गुंड आणतो म्हणून सुपरमॅन दुसऱ्या संघातल्या राखीव खेळाडूला सुई टोचून झोपवतो आणि त्याच्या जागी स्वतः खेळतो. गोष्ट सामान्य आहे आणि नायक गुन्हा करतोय हे कुणाच्या लक्षातच आलेलं दिसत नाही. माझ्या हाती निवड असती तर मी ही वगळली असती. त्यांच्या हाती निवड नव्हती. क्रमानं घ्यायचं ठरलं होतं, चौथी आली.

पण क्रमानं घेतल्यामुळेच एक गोष्ट दिसते. चारही गोष्टी ओळीनं वाचल्या की ध्यानात येतं, यात खलनायक कुठाय? मुखवटेवाला नाही, वेडा शास्त्रज्ञ नाही, परग्रहावरचा कुणी नाही. बायकोला मारणारा नवरा आहे. विकला गेलेला सिनेटर आहे, त्याचा दलाल आहे, शस्त्रांचा व्यापारी आहे, खाणमालक आहे. मंदीतल्या क्लीव्हलंडच्या दोन पोरांना ज्यांचा राग होता ती सगळी माणसं ओळीनं उभी केली आहेत. महिन्यातून एक वाचणाऱ्याला हे सुटून जाईल. पण चौसष्ट पानं एका बसकणीत वाचणाऱ्याच्या नजरेतून नाही सुटत. पुढच्या काही वर्षांत सुपरमॅनच्या शत्रूंच्या यादीत वेडे शास्त्रज्ञ आणि विक्षिप्त बदमाश वाढत गेले आणि खाणमालक दिसेनासे झाले. सुरुवातीचा हा चिडलेला सुपरमॅन एकत्र बघायचा तर या अंकात.

'शास्त्रीय स्पष्टीकरण' हा वेगळाच नमुना. 'ॲक्शन'मध्ये मुंगी आणि नाकतोड्याची उदाहरणं दिली होती: मुंगी स्वतःच्या कैक पट वजन उचलते, नाकतोडा कैक पट लांब उडी मारतो, मग परग्रहावरच्या माणसाला का जमू नये? इथं त्यांना ते अपुरं वाटलं असावं. आता सांगतात की क्रिप्टनवरचे लोक लाखो वर्षांत शरीरानं परिपूर्ण झाले होते, आणि पृथ्वी लहान असल्यामुळे तिची ओढ कमी, म्हणून सुपरमॅनचे स्नायू इथं एवढं काम करतात. विज्ञान कच्चंच, पण नाकतोड्यापेक्षा बरं. पुनर्मुद्रणात तळटीप सुधारावी तसं.

अंक एका फेरीत संपला, पुन्हा छापावा लागला. एकाच अंकाचा बेत त्रैमासिकावर गेला. आणि जुनं जोडायची सवय लगेच सुटली नाही, तिसऱ्या अंकातही 'ॲक्शन'मधल्या दोन गोष्टी आल्या. सुपरहिरोंच्या जन्मकथा पुन्हा छापून नव्या वाचकांना विकायची युक्ती पुढे सगळ्यांनी उचलली. १९६४ साली मार्व्हलनं 'मार्व्हल टेल्स'चा पहिला वार्षिक अंक पंचवीस सेंटला काढला तो असाच, आत स्पायडर-मॅन, हल्क, थॉर, आयर्न मॅन यांच्या पहिल्या गोष्टी. तिथं मात्र फारसं काही जोडलेलं नव्हतं, निखळ पुनर्मुद्रण. त्याची प्रत कुणी सात आकडी डॉलरांत विकल्याचं ऐकलं नाही.

एकशे तीस डॉलर

मार्च १९३८ मध्ये सीगल आणि शुस्टर यांना ४१२ डॉलरचा एक चेक मिळाला. त्यात इतर कामांचे पैसे होते, सुपरमॅनचे १३०. दर पानाला दहा डॉलरप्रमाणे तेरा पानं. त्याबरोबर हक्कही लिहून दिले. तो चेक २०१२ साली लिलावात एक लाख साठ हजार डॉलरला गेला, तो चेकच, त्यावरची रक्कम नव्हे.

पुनर्मुद्रणाच्या धंद्यातला खरा नफा इथं असतो आणि माझ्या व्यवसायातल्या माणसानं ते सांगताना खाकरू नये. मजकूर एकदा विकत घेतला की दुसऱ्यांदा तो फुकट पडतो. आमच्याकडे निदान जुने लेखक फोन करून विचारतात. मागच्याच वर्षी एका आजोबांचा फोन आला, 'अहो, माझी कथा तुम्ही पंचवीस वर्षांनी परत छापताय, मानधनही पंचवीस वर्षांपूर्वीचंच का?' मी त्यांना 'सर' म्हणत म्हणत वाढवून दिलं. क्लीव्हलंडच्या त्या दोघांना विचारायला उशीर झाला. १९४७ साली ते कोर्टात गेले, तडजोडीत थोडे पैसे मिळाले आणि पानावरचं नाव गेलं. १९७५ मध्ये, दोघंही हालाखीत असताना आणि सीगलनं वर्तमानपत्रांपुढे गाऱ्हाणं मांडल्यावर, कंपनीनं वर्षाला प्रत्येकी वीस हजार डॉलर निवृत्तिवेतन आणि निर्मात्यांचं नाव परत दिलं.

याच अंकात त्यांची ओळख करून देणारं एक पान होतं, हे आठवलं की जरा विचित्र वाटतं. कोण आहेत हे दोन तरुण, म्हणून कौतुकानं सांगणारं पान. हक्क त्याआधी वर्षभर दुसऱ्याचे झालेले.

पुढे सीगलच्या वारसांनी हक्क परत मागितले तेव्हा या अंकाची पानं न्यायालयात पोचली. प्रश्न असा होता की कंपनीच्या सांगण्यावरून काढलेलं काम कोणतं आणि दोघांनी स्वतःहून आधीच करून ठेवलेलं कोणतं. २००९ साली अमेरिकेतल्या जिल्हा न्यायालयानं जे जे वारसांकडे परत गेलं म्हटलं त्यात या अंकातली काही पानंही होती. ज्या कापणीनं वाचकांचं वर्षभर कोडं झालं होतं, तीच कापलेली पानं आता कुणाची कधीची आहेत याचा पुरावा झाली. वारसांच्या हातात मात्र ते टिकलं नाही. २००१ साली कंपनीशी झालेला समझोता बंधनकारक आहे, असं अपील न्यायालयानं २०१३ मध्ये ठरवलं आणि सगळं डीसीकडे राहिलं.

अमेरिकन कायद्यानं त्या काळातल्या प्रकाशनांची मुदत पंच्याण्णव वर्षं. जून १९३८ चा 'ॲक्शन कॉमिक्स' १ जानेवारी २०३४ ला सगळ्यांचा होईल. कुणीही तो छापावा, त्यातल्या सुपरमॅनवर नवी गोष्ट लिहावी. म्हणजे नाव नसलेल्या ग्रहावरून आलेला, मोटारवाल्याला सापडलेला, अनाथाश्रमात वाढलेला, काखेत बांधलेली बाई घेऊन झेप मारणारा. क्रिप्टन हे नाव, मेरी आणि तिचा नवरा, आणि त्यांनी पोराला सांगितलेलं ते वाक्य १९३९ चं आहे. ते वर्षभर आणखी डीसीकडेच राहील, १ जानेवारी २०३५ पर्यंत.